बेनेडिक्टो किवानुका

बेनेडिक्टो कागिमू मुगुम्बा किवानुका (८ मे, इ.स. १९२२ - सप्टेंबर, इ.स. १९७२) हे युगांडाचे कायदेपंडित, राजकारणी आणि सरन्यायाधीश होते. ते स्वातंत्र्यपूर्व काळातील युगांडाचे पहिले पंतप्रधान व डेमोक्रॅटिक पक्षाचे दीर्घकाळ अध्यक्ष होते. सरन्यायाधीशपदावर नेमले गेलेले ते पहिले युगांडन होत. त्यांच्यापूर्वी या पदावर ब्रिटिश आणि एक नायजेरियन न्यायाधीश होऊन गेले होते. सप्टेंबर १९७२ मध्ये कंपाला येथील उच्च न्यायालयातून सशस्त्र माणसांनी त्यांना उचलून नेले व त्यानंतर ते परत आले नाहीत. इदी अमीन यांच्या राजवटीत मारल्या गेलेल्या प्रमुख व्यक्तींमध्ये त्यांची गणना होते.

== जन्म आणि पार्श्वभूमी ==

किवानुका यांचा जन्म बुगांडा राज्यातील बुड्डू परगण्यात, आजच्या मसाका शहराच्या परिसरात, एका कॅथलिक गांडा कुटुंबात झाला. किवानुका हे बुगांडाच्या पारंपरिक धर्मातील विजेच्या देवतेचे नाव आहे आणि अनेक गांडा पुरुषांचे ते नाव असते. बुगांडात वडिलांचे आडनाव मुलाने लावण्याची रूढी नव्हती; नावे कुळावरून ठरत. त्यामुळे त्याच काळातील मसाकाचे बिशप व पुढे रुबागाचे आर्चबिशप झालेले जोसेफ किवानुका यांच्याशी त्यांचे नाते जोडले जाण्याचा घोटाळा वारंवार होतो. दोघे एकाच धर्माचे असले तरी नातेवाईक नव्हते.

बुड्डू परगण्याचा इतिहास माहीत नसेल तर किवानुकांचे राजकारण नीट उलगडत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बुगांडाच्या दरबारात इंग्रज प्रॉटेस्टंट, फ्रेंच कॅथलिक आणि मुसलमान असे तीन गट निर्माण झाले होते. १८९२ मध्ये मेंगो येथे प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक गटांत लढाई झाली. फ्रेडरिक लुगार्ड याने आपल्या मॅक्सिम तोफेनिशी प्रॉटेस्टंटांची बाजू घेतली आणि कॅथलिकांचा पराभव झाला. त्यानंतरच्या तडजोडीत कॅथलिकांच्या वाट्याला मुख्यतः बुड्डू परगणा आला, तर दरबारातील बहुतांश मोठी पदे प्रॉटेस्टंटांकडे राहिली. कॅथलिकांची संख्या पुढे प्रॉटेस्टंटांपेक्षा जास्त झाली, तरी कातिक्किरो म्हणजे राज्याच्या मुख्य प्रधानाचे पद त्यांना मिळाले नाही. ही सल साठ-सत्तर वर्षे टिकली, आणि डेमोक्रॅटिक पक्षाचा जन्म तीतूनच झाला.

मिशनच्या शाळांतून शिक्षण घेतल्यावर १९४२ मध्ये किवानुका किंग्ज आफ्रिकन रायफल्स या वसाहती सैन्यदलात भरती झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी केनिया, इजिप्त व पॅलेस्टाईन येथे सेवा बजावली आणि सार्जंट-मेजरच्या हुद्द्यापर्यंत ते पोहोचले. आफ्रिकन सैनिकाला त्या सैन्यात याहून फार वर जाता येत नसे. १९४६ मध्ये सैन्यातून मुक्त झाल्यावर त्यांना कंपालाच्या उच्च न्यायालयात दुभाषी कारकुनाची नोकरी मिळाली. साक्षीदार लुगांडात बोलत, न्यायाधीश इंग्रजीत लिहून घेत आणि मधला सारा व्यवहार दुभाष्याच्या तोंडून होई. कायद्याची गोडी त्यांना येथे लागली असे मानले जाते. १९४७ मध्ये त्यांचा विवाह मॅक्सेन्सिया झालवांगो यांच्याशी झाला.

== कायद्याचे शिक्षण ==

युगांडात त्या वेळी कायद्याचे शिक्षण मिळत नव्हते. १९५० मध्ये किवानुका बासुटोलँड म्हणजे आजच्या लेसोथोमधील रोमा येथे पायस बारावे कॉलेजात दाखल झाले. दक्षिण आफ्रिकेतील कॅथलिक बिशपांनी आफ्रिकन विद्यार्थ्यांसाठी हे कॉलेज काही वर्षांपूर्वीच सुरू केले होते. तेथून १९५२ मध्ये ते लंडनला गेले आणि युनिव्हर्सिटी कॉलेजात त्यांनी कायद्याचा अभ्यास पूर्ण केला. १९५६ मध्ये ग्रेज इन या संस्थेतून ते बॅरिस्टर झाले. तेव्हा त्यांचे वय चौतिशीच्या आसपास होते. लष्करी नोकरी, कारकुनी आणि संसार पाठीशी घेऊन शिकलेल्या या बॅरिस्टरला सनद मिळायला उशीर झाला, मात्र सहकाऱ्यांपेक्षा जगाचा अनुभव त्यांच्याकडे जास्त होता.

मायदेशी परतून त्यांनी कंपाला येथे वकिली सुरू केली. त्या काळी कंपालाच्या वकीलवर्गात युरोपीय आणि भारतीय वंशाच्या मंडळींचे प्राबल्य होते. आफ्रिकन वकील हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. वकिलीचा जम बसत असतानाच ते राजकारणात ओढले गेले.

== डेमोक्रॅटिक पक्ष ==

१९५५ मध्ये बुगांडाच्या कातिक्किरोपदासाठी निवडणूक झाली. कॅथलिक उमेदवार मातायो मुग्वान्या थोडक्या मतांनी हरले. पुढे ते लुकीको म्हणजे बुगांडाच्या विधिमंडळावर निवडून आले, तेव्हा कबाका म्हणजे राजे दुसरे मुतेसा यांनी त्यांना ती जागा घेऊ दिली नाही. कॅथलिकांना हा उघड अपमान वाटला. याच सुमारास स्थापन झालेल्या डेमोक्रॅटिक पक्षाचे मुग्वान्या पहिले अध्यक्ष झाले. १९५८ मध्ये त्यांच्या जागी किवानुका आले.

पक्षाचे विरोधक त्याला पोपचा पक्ष म्हणून हिणवत. किवानुकांनी अध्यक्ष झाल्यापासून पक्षाला केवळ कॅथलिकांचा पक्ष ही ओळख पुसून काढायची होती. सत्य आणि न्याय हे पक्षाचे घोषवाक्य होते. युगांडा हे एकसंध राष्ट्र असावे, सर्व प्रांतांतील नागरिकांना थेट मतदानाचा समान हक्क असावा आणि बुगांडासह कोणत्याही राज्याला वेगळी सवलत नसावी, अशी त्यांची भूमिका होती. देशाच्या इतर भागांत, विशेषतः उत्तरेकडे आणि पश्चिमेकडे, पक्षाला पाठिंबा मिळाला. परंतु तो पाठिंबा बहुतेक ठिकाणी मिशनच्या जाळ्यावरच उभा होता, हेही खरे. धर्माच्या पलीकडे पक्ष नेण्यात किवानुकांना अर्धवटच यश आले.

बुगांडातील दरबारी वर्तुळात मात्र त्यांच्याविषयी तीव्र कटुता होती. एक सामान्य घरातला, कॅथलिक गांडा माणूस देशाचा प्रमुख होऊन कबाकाच्या वर बसणार ही कल्पनाच मेंगोला असह्य होती. ओबोटे यांच्यासारखा परक्या प्रांतातील नेता त्यापेक्षा परवडला, असे तेथील धुरीणांना वाटले. पुढच्या पाच वर्षांत याच निवडीची जबर किंमत त्यांनी मोजली.

== पंतप्रधानपद आणि पराभव ==

डिसेंबर १९६० च्या अखेरीस लुकीकोने बुगांडाचे स्वातंत्र्य जाहीर केले. ब्रिटिशांनी त्याची दखल घेतली नाही आणि मार्च १९६१ मध्ये विधान परिषदेची सार्वत्रिक निवडणूक झाली. मेंगोच्या आदेशावरून बुगांडातील जनतेने तिच्यावर बहिष्कार टाकला. मतदार म्हणून नाव नोंदवणाऱ्यांना धमक्या आल्या, काहींच्या घरांवर व बागांवर हल्ले झाले. बुगांडातील पात्र मतदारांपैकी मोजक्याच टक्क्यांनी नाव नोंदवले व हे मतदार बहुतेक डेमोक्रॅटिक पक्षाचेच होते. परिणामी बुगांडातील जवळजवळ सर्व जागा पक्षाच्या पदरात पडल्या. देशभरात ८२ पैकी ४३ जागा जिंकून त्याने बहुमत मिळवले. मिल्टन ओबोटे यांच्या युगांडा पीपल्स काँग्रेसला ३५ जागा मिळाल्या. एकूण मते मोजली तर ओबोटे यांचा पक्ष पुढे होता. त्यामुळे विरोधकांनी या विजयाला कायमच अपघाती ठरवले.

जुलै १९६१ मध्ये किवानुका मुख्यमंत्री झाले आणि १ मार्च १९६२ रोजी देशाला अंतर्गत स्वराज्य मिळाल्यावर ते पहिले पंतप्रधान झाले. सप्टेंबर-ऑक्टोबर १९६१ मध्ये लंडनला झालेल्या घटनापरिषदेला युगांडाच्या सरकारचे प्रमुख म्हणून तेच गेले होते. ९ ऑक्टोबर १९६२ ही स्वातंत्र्याची तारीख याच परिषदेत ठरली.

त्याच परिषदेत त्यांच्या सत्तेचा पायाही काढला गेला. अर्ल ऑफ मन्स्टर यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने बुगांडाला संघराज्यात्मक दर्जा द्यावा आणि राष्ट्रीय संसदेतील बुगांडाचे २१ प्रतिनिधी लुकीकोने निवडले तरी चालतील, असे सुचवले होते. थेट निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाला बुगांडात काही जागा मिळण्याची आशा होती. लुकीकोमार्फत एकही मिळणार नव्हती. किवानुकांनी याला कडाडून विरोध केला आणि त्यांच्या शिष्टमंडळाने निषेध म्हणून सभात्याग केला. ब्रिटिशांना मात्र बुगांडाचा प्रश्न लवकर मिटवायचा होता व ओबोटे यांनी मेंगोशी आधीच संधान बांधले होते. तरतूद मान्य झाली.

मेंगोच्या पाठिंब्याने उभी राहिलेली कबाका येक्का ही चळवळ फेब्रुवारी १९६२ मध्ये लुकीकोच्या निवडणुकीत उतरली. तिच्या नावाचा अर्थच केवळ कबाका असा होतो. प्रश्न राजाच्या बाजूने की विरुद्ध असा मांडला गेला, आणि अशा प्रश्नाचे उत्तर गांडा शेतकरी काय देणार हे उघड होते. ६८ पैकी ६५ जागा कबाका येक्काने जिंकल्या. डेमोक्रॅटिक पक्षाला मिळालेल्या तीन जागा न्योरो लोकवस्तीच्या, पूर्वी बुन्योरोकडून बुगांडाला जोडलेल्या परगण्यांतल्या होत्या. एप्रिल १९६२ च्या राष्ट्रीय निवडणुकीनंतर युगांडा पीपल्स काँग्रेसचे ४३, कबाका येक्काचे २४ आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे २४ सदस्य झाले. पहिल्या दोघांनी मिळून सरकार बनवले आणि ओबोटे पंतप्रधान झाले.

किवानुकांना स्वतःला संसदेत जागाच मिळाली नाही. ज्या दिवसाची तारीख त्यांच्या सरकारने ठरवली होती, त्या स्वातंत्र्यदिनी ते ना मंत्री होते ना खासदार. युनियन जॅक उतरवून नवा ध्वज चढवला गेला तेव्हा ओबोटे पंतप्रधान होते. स्वातंत्र्याआधीचे दोनच महिने किवानुका पंतप्रधान होते, म्हणून युगांडाच्या पंतप्रधानांच्या यादीत पहिले नाव कोणाचे घ्यावे याविषयी आजही दोन पद्धती दिसतात.

== विरोधी पक्षात ==

संसदेबाहेरून पक्ष चालवणे अवघड गेले. संसदेतील विरोधी पक्षनेतेपद बेसिल बातारिंगाया यांच्याकडे होते आणि दोघांत पटत नव्हते. १९६४ च्या अखेरीस बातारिंगाया काही सहकाऱ्यांसह सत्ताधारी पक्षात गेले आणि पुढे ओबोटे यांचे गृहमंत्री झाले. किवानुकांचा स्वभाव ताठर होता, तडजोडीपेक्षा तत्त्वाचा मुद्दा लढवण्याकडे त्यांचा कल असे. न्यायालयात हा गुण ठरला असता. पक्ष टिकवण्याच्या कामी तो अनेकदा आडवा आला.

१९६६ मध्ये ओबोटे यांनी राज्यघटना गुंडाळली. २४ मे रोजी लष्कराने मेंगोच्या राजवाड्यावर हल्ला केला. या हल्ल्याचे नेतृत्व इदी अमीन यांच्याकडे होते. कबाका मुतेसा लंडनला पळाले आणि १९६९ मध्ये तेथेच वारले. १९६७ च्या नव्या घटनेने सर्व राज्ये बरखास्त झाली. याच धामधुमीत स्थानबद्ध केलेल्या मायकेल मातोवू या बुगांडाच्या एका परगणाप्रमुखाने सुटकेसाठी अर्ज केला होता. सरन्यायाधीश सर उडो उडोमा यांच्या पीठाने यशस्वी क्रांतीमुळे नवी कायदेशीर व्यवस्था निर्माण होते, हा हान्स केल्सन यांचा सिद्धांत आधाराला घेऊन ओबोटे यांची घटना वैध ठरवली. सत्ता बळकावणाऱ्यांना न्यायालयाकडून मान्यता मिळवून देणारा हा निवाडा इतर आफ्रिकी देशांतही उद्धृत होत राहिला.

किवानुका या काळात वकिली करत होते आणि सरकारवर टीका करत होते. १९६९ मध्ये सरकारने त्यांना अटक केली. डिसेंबर १९६९ मध्ये कंपालातील लुगोगो येथे ओबोटे यांच्यावर गोळीबार झाला, त्यानंतर विरोधी पक्षांवर बंदी आली आणि विरोधकांच्या स्थानबद्धतेची व्याप्ती वाढली. माजी पंतप्रधान आपल्याच देशाच्या तुरुंगात खटल्याविना बसून राहिले.

== सरन्यायाधीश ==

२५ जानेवारी १९७१ रोजी ओबोटे राष्ट्रकुल परिषदेसाठी सिंगापूरला गेले असताना अमीन यांनी सत्ता घेतली. तीन दिवसांनी त्यांनी ५५ राजकीय कैद्यांची मुक्तता केली. त्यांत किवानुका होते. बुगांडात या बंडाचे उत्साहाने स्वागत झाले. अमीन यांनी मुतेसांचे पार्थिव लंडनहून आणवून त्याचे इतमामाने दफन करवले. ओबोटे यांच्या तुरुंगातून सुटलेल्या माणसाला अमीन यांच्याविषयी आशा वाटली, यात नवल नव्हते. तशी ती अनेक सुशिक्षित युगांडन लोकांना वाटली होती.

२७ जून १९७१ रोजी किवानुकांची सरन्यायाधीशपदी नेमणूक झाली. एका राजकीय पक्षाच्या अध्यक्षाला या पदावर बसवणे हे रूढीला सोडून होते. अमीन यांना कॅथलिकांचा आणि गांडांचा पाठिंबा हवा होता आणि एक संभाव्य प्रतिस्पर्धी राजकारणातून बाजूला करायचा होता, असा याचा अर्थ सामान्यतः लावला जातो. किवानुकांनी पद का स्वीकारले यावर अभ्यासकांत एकमत नाही. ज्या न्यायालयात वीस-पंचवीस वर्षांपूर्वी ते दुभाषी होते, त्याच्याच प्रमुखपदी ते आता आले होते.

त्या वेळी युगांडाचे उच्च न्यायालय हे देशातील सर्वोच्च न्यायालय होते. त्याच्यावरील अपील नैरोबीच्या पूर्व आफ्रिका अपील न्यायालयात जाई. सरन्यायाधीश हे स्वतः खटले चालवत आणि देशभरच्या दंडाधिकाऱ्यांवर देखरेखही करत. मात्र कायद्याची जमीन पायाखालून सरकत होती. अमीन यांनी संसद बरखास्त केली होती आणि आदेशांद्वारे कारभार सुरू केला होता. मार्च १९७१ च्या एका आदेशाने सैनिकांना वॉरंटाशिवाय अटक करण्याचे अधिकार मिळाले. १९७२ च्या आणखी एका आदेशाने सुव्यवस्थेच्या नावाखाली केलेल्या कृत्यांबद्दल सरकारवर दावा लावण्याचा मार्गच बंद केला. न्यायालये उघडी होती, वकील झगे घालून उभे राहत होते, निकाल लिहिले जात होते. पण बराकींत काय चालले आहे यावर त्यांचा ताबा उरला नव्हता.

याचे एक उदाहरण किवानुकांच्या कारकिर्दीतच घडले. जुलै १९७१ मध्ये म्बरारा येथील लष्करी छावणीत चौकशीसाठी गेलेले निकोलस स्ट्रो हे पत्रकार आणि रॉबर्ट सीडल हे मेकेरेरे विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ असे दोघे अमेरिकन बेपत्ता झाले. अमेरिकेच्या दबावामुळे चौकशी नेमावी लागली. उच्च न्यायालयाचे न्यायाधीश डेव्हिड जेफ्रीज जोन्स यांनी ती चालवली. लष्कराने कोणतेच सहकार्य केले नाही. शेवटी न्यायाधीश जोन्स यांनी देश सोडला आणि लष्करी अधिकाऱ्यांवर ठपका ठेवणारा अहवाल बाहेरून पाठवला. परदेशी न्यायाधीशाला निघून जाण्याची वाट होती. किवानुकांना तशी वाट नव्हती, आणि असती तरी त्यांनी ती धरली असती असे त्यांच्या आधीच्या आयुष्यावरून वाटत नाही.

== सप्टेंबर १९७२ ==

४ ऑगस्ट १९७२ रोजी अमीन यांनी आशियाई वंशाच्या लोकांना ९० दिवसांत देश सोडण्यास सांगितले. गुजराती व्यापारी कुटुंबांबरोबरच सरकारी कचेऱ्यांत पिढ्यानपिढ्या कारकुनी केलेली गोमंतकीय कुटुंबेही यात भरडली गेली. देशातील ब्रिटिश नागरिकांकडेही संशयाने पाहिले जाऊ लागले आणि सैनिकांकडून त्यांची धरपकड सुरू झाली.

सप्टेंबरच्या सुरुवातीला अशाच एका ब्रिटिश व्यावसायिकाला सैनिकांनी पकडून लष्करी कोठडीत ठेवले. त्याच्या वतीने उच्च न्यायालयात हेबिअस कॉर्पसचा, म्हणजे बंदी प्रत्यक्षीकरणाचा, अर्ज आला. असा अर्ज आल्यावर न्यायालय कैद्याच्या अपराधाचा विचार करत नाही. ज्याने माणसाला डांबले आहे त्याने तो माणूस आणि त्याला डांबण्याचा कायदेशीर आधार दाखवावा, एवढेच विचारले जाते. प्रकरण किवानुकांपुढे चालले. त्यांनी ही कैद बेकायदा ठरवली, सैन्याला नागरिकाला असे पकडून ठेवण्याचा अधिकार नाही असे स्पष्ट केले आणि सुटकेचा हुकूम दिला. कायद्याच्या दृष्टीने निर्णयात नवे काही नव्हते. प्रत्येक वकिलाला पाठ असलेला हा नियम होता. नवे एवढेच होते की युगांडातील सर्वांत मोठ्या न्यायाधीशाने भर न्यायालयात सैन्याला नाही म्हटले होते. ज्याच्यासाठी हा हुकूम निघाला तो माणूस ब्रिटिश होता, त्यामुळे सरन्यायाधीश साम्राज्यवाद्यांना सामील आहेत असे म्हणणे अमीन यांच्या माणसांना सोपे गेले.

१७ सप्टेंबर रोजी ओबोटे यांच्या समर्थकांच्या तुकड्या टांझानियातून सीमा ओलांडून मसाका आणि म्बराराच्या दिशेने चालून आल्या. हा हल्ला काही दिवसांतच मोडून काढण्यात आला. मात्र त्यानंतर राजवटीने संशयितांचा जो शोध घेतला, त्यात ओबोटे यांच्या बाजूचा कोण आणि विरुद्ध कोण याचा हिशेब राहिला नाही. किवानुका आणि ओबोटे यांच्यात गुप्तपणे समझोता झाला होता, असे काही लेखकांनी म्हटले आहे. दहा वर्षांचे वैर असलेल्या आणि एकाने दुसऱ्याला तुरुंगात घातलेल्या या दोघांचे पुन्हा जुळले असेल, तर अमीन यांच्याविषयीचा भ्रमनिरास किती खोल होता हेच त्यातून दिसते.

२१ सप्टेंबर १९७२ रोजी सकाळी साध्या कपड्यांतील सशस्त्र माणसे कंपालाच्या उच्च न्यायालयात शिरली. त्यांनी सरन्यायाधीशांना त्यांच्या दालनातून बाहेर काढले, हातकड्या घातल्या आणि कर्मचारी व पक्षकार पाहत असताना मोटारीत कोंबून नेले. कोणीही अडवले नाही. वॉरंट नव्हते, आरोप नव्हता. ज्या अर्जावर त्यांनी एका परक्या माणसाची सुटका केली होती, तसा अर्ज त्यांच्यासाठी ऐकण्याच्या स्थितीत आता कोणीच नव्हते.

त्यांना मकिंड्ये येथील लष्करी तुरुंगात नेण्यात आले. तेथे असलेल्या काही कैद्यांनी आणि नंतर देशाबाहेर पडलेल्यांनी दिलेल्या हकिकतींनुसार त्यांचा अतिशय क्रूरपणे छळ करून वध करण्यात आला. मृत्यूच्या नेमक्या दिवसाबद्दल या हकिकतींत तफावत असली तरी तो सप्टेंबर संपण्याआधी झाला याविषयी दुमत नाही. त्यांचे वय पन्नास वर्षे होते. मृतदेह कुटुंबाला कधीच मिळाला नाही. सरकारने अपहरणाची जबाबदारी नाकारून ती ओबोटे यांच्या हस्तकांवर ढकलली.

त्या शरद ऋतूत बेपत्ता झालेले ते एकटे नव्हते. मेकेरेरे विद्यापीठाचे कुलगुरू फ्रँक कालिमुझो यांना ऑक्टोबरमध्ये नेण्यात आले. डेमोक्रॅटिक पक्ष सोडून ओबोटे यांच्याकडे गेलेले बातारिंगाया हेही त्याच वर्षी मारले गेले. दहा वर्षांपूर्वी वेगवेगळ्या वाटांनी गेलेले पक्षातील हे दोन प्रतिस्पर्धी अमीन यांच्या यादीत एकत्र आले.

== परिणाम ==

सरन्यायाधीशांनाच त्यांच्या न्यायालयातून उचलले जाऊ शकते हे दिसल्यावर इतर न्यायाधीशांना वेगळ्या इशाऱ्याची गरज उरली नाही. अनेक परदेशी न्यायाधीश व वकील देश सोडून गेले. आशियाई हकालपट्टीमुळे वकीलवर्ग आधीच विरळ झाला होता. नंतरच्या आदेशांनी नागरिकांवरील गंभीर खटले लष्करी न्यायाधिकरणांकडे सोपवले. किवानुकांच्या जागी सॅम्युएल वाको वाम्बुझी हे सरन्यायाधीश झाले.

जिनीव्हास्थित आंतरराष्ट्रीय विधिज्ञ आयोगाने १९७४ मध्ये युगांडातील मानवी हक्कांच्या उल्लंघनाचा अहवाल संयुक्त राष्ट्रांपुढे ठेवला. त्याच वर्षी दबावाखाली अमीन यांनी बेपत्ता व्यक्तींची चौकशी करण्यासाठी आयोग नेमला. पाकिस्तानी वंशाचे न्यायमूर्ती मोहम्मद सईद त्याचे अध्यक्ष होते. आयोगाने शेकडो साक्षी घेतल्या आणि सुरक्षा यंत्रणांवर ठपका ठेवला, तरी त्यानंतर कारभारात काही बदल झाला नाही. १९८६ मध्ये योवेरी मुसेवेनी यांच्या सरकारने न्यायमूर्ती आर्थर ओडर यांच्या अध्यक्षतेखाली १९६२ पासूनच्या अत्याचारांची चौकशी करणारा दुसरा आयोग नेमला. किवानुकांच्या हत्येबद्दल कोणालाही शिक्षा झालेली नाही. अमीन १९७९ मध्ये पदच्युत झाले आणि २००३ मध्ये सौदी अरेबियात वारले.

डेमोक्रॅटिक पक्ष अमीन यांच्यानंतर पुन्हा उभा राहिला. किवानुकांचे तरुण सहकारी पॉल सेमोगेरेरे यांच्या नेतृत्वाखाली त्याने १९८० ची वादग्रस्त निवडणूक लढवली. ओबोटे पुन्हा सत्तेवर आले आणि पक्ष पुन्हा विरोधात बसला. धर्माच्या सीमा ओलांडण्याचा किवानुकांचा हेतू या काळात काही अंशी साध्य झाला. सेमोगेरेरेंच्या पक्षात प्रॉटेस्टंट आणि मुसलमान गांडाही मोठ्या संख्येने आले.

== कुटुंब आणि स्मृती ==

पत्नी मॅक्सेन्सिया यांनी पतीच्या पश्चात मुलांचा सांभाळ केला. त्यांचे पुत्र मॉरिस कागिमू किवानुका हेही युगांडाच्या राजकारणात आले. नातू मथायस किवानुका हे अमेरिकेत व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल खेळाडू झाले आणि न्यूयॉर्क जायंट्स संघाकडून खेळले.

कंपालाच्या मध्यवर्ती भागातील एका गजबजलेल्या रस्त्याला बेन किवानुका स्ट्रीट असे नाव आहे. टॅक्सीतळाकडे जाणाऱ्या या रस्त्यावर दिवसभर व्यापाऱ्यांची वर्दळ असते. २०१८ पासून युगांडाची न्यायसंस्था २१ सप्टेंबर या दिवसाच्या निमित्ताने दरवर्षी बेनेडिक्टो किवानुका स्मृतिव्याख्यान आयोजित करते. देशविदेशातील न्यायाधीश व कायदेतज्ज्ञ त्यात न्यायसंस्थेच्या स्वातंत्र्याविषयी बोलतात. नागरिकांवर लष्करी न्यायालयांत खटले चालवावेत का, हा किवानुकांच्या अखेरच्या महत्त्वाच्या आदेशाशी नाते सांगणारा प्रश्न युगांडाच्या न्यायालयांपुढे त्यानंतरच्या दशकांतही पुन्हा पुन्हा येत राहिला आहे.